शेवटपर्यंत कुणी बघितलंय?

सांगलीत विश्रामबागेत कॉलेजची पोरं जिथं चहाला जमतात, तिथं एका टेबलावर कागद पसरला होता. जर्नलचं पाठकोरं पान. त्यावर एक ते दहा आकडे आणि पुढं नावं, जगातल्या सगळ्यांत भारी विज्ञानकथा मालिकांची. वाद तिसऱ्या-चौथ्या नंबरावर अडला होता. ‘डार्क’ वर की ‘द एक्सपान्स’ वर? एक जण म्हणत होता, “भावा, एक्सपान्सचं फिजिक्स बघ की!” दुसरा म्हणत होता, “फिजिक्सला लेक्चर हाय की. गोष्ट बघ, गोष्ट.” शेजारच्या टेबलावर पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ बराच वेळ ऐकत बसले होते. उठता उठता त्यांनी कागदावर नजर टाकली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “पोरांनो, ह्यातली प्रत्येक शेवटपर्यंत कुणी बघितलीय?” टेबल गप्प. एकानं ही पूर्ण केली होती, दुसऱ्यानं ती. एक मालिका तर कुणीच पहिल्या सीझनच्या पुढं नेली नव्हती, तरी ती सातव्या नंबरावर होती. ते गृहस्थ निघून गेले. पोरांनी वाद जिथं सोडला होता तिथूनच उचलला.

प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही.

कादंबरी आवडली नाही तरी दोन बैठकांत संपवता येते, सिनेमा तर तीन तासांत आटोपतो. मालिकेचं तसं नाही. १९६६ ते १९६९ या तीन वर्षांतल्या मूळ ‘स्टार ट्रेक’चे ७९ भाग आहेत. त्याच घराण्यातल्या ‘द नेक्स्ट जनरेशन’चे १७८. पाऊण तासाचा एक भाग धरला तर एवढीच मालिका १३० तासांच्या वर जाते. रोज जेवणानंतर दोन भाग बघितले तरी तीन महिने. दहा नावांची यादी प्रामाणिकपणे करायची तर माणसाची दोन वर्षं सहज जातील, आणि तेवढ्यात त्याला पहिल्या मालिकेतलं निम्मं आठवायचंही बंद झालेलं असेल. ‘डॉक्टर हू’ तर पूर्ण बघितली असं आज जगात कुणीच म्हणू शकत नाही. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ती सुरू झाली, आणि तेव्हा टेप महाग म्हणून बीबीसीनं जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या, फिल्मच्या प्रतीही टाकून दिल्या. साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग त्यात गेले. आवाज तेवढा सगळ्यांचा शिल्लक आहे, तो बीबीसीमुळे नाही. घरी टीव्हीजवळ टेपरेकॉर्डर धरून बसलेल्या प्रेक्षकांमुळे. मालिकेचा नायक, म्हणजे डॉक्टर, मरण्याऐवजी चेहरा बदलतो, ही जी युक्ती तिला साठ वर्षं पुरली, ती पहिल्यांदा १९६६ मध्ये ज्या भागात वापरली तो भागसुद्धा हरवलेल्यांत आहे. बदलाचे ते काही क्षण तेवढे वाचले. आता या मालिकेला कितवा नंबर देणार? जे आहे त्यावर, की जे होतं त्यावर?

म्हणून अशा वादात सगळ्यांत आधी एक गोष्ट ठरवावी लागते आणि नेमकी तीच कुणी ठरवत नाही: आपण मोजतोय काय? बारकाईनं ऐकलं तर चार माणसं चार वेगळ्या गोष्टी मोजत असतात. पहिल्याच्या मनात त्या मालिकेतला सर्वोत्तम तास असतो. दुसरा सगळ्या भागांची सरासरी धरतो. तिसरा शेवट बघतो, शेवट फसला तर मागचं सगळं त्याला कडू लागतं. आणि चौथा तिच्यानंतर काय काय आलं ते मोजतो, म्हणजे ऋण मोजतो. चौघंही बरोबर बोलतात, म्हणूनच भांडण मिटत नाही. ‘स्टार ट्रेक’ ऋणाच्या मापात पहिली येईल, सरासरीच्या मापात पहिल्या दहांत तरी येईल का, मला शंका आहे. तिसऱ्या सीझनला चॅनेलनं पैसे कापले, शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली, आणि ते कापलेले पैसे पडद्यावर दिसतात.

सरासरीचा तर मला मनापासून राग आहे. लोक सिनेमा-मालिकांना गुण देतात त्या आयएमडीबी या संकेतस्थळावर नऊ पॉइंट काहीतरी दिसलं की पोरं तो आकडा थर्मामीटरसारखा वाचून दाखवतात. तिथला आकडा साधी सरासरी नसतो, त्याला वजन दिलेलं असतं आणि ते कसं दिलंय हे ते उघड करत नाहीत. पण खरी गोम त्याच्याही आधीची आहे. समजा पहिला सीझन हजार लोकांनी बघितला. त्यातल्या सहाशेंना आवडला नाही, ते उठून गेले. पाचव्या सीझनला गुण देणारे उरलेले चारशे सगळे आधीच प्रेमात पडलेले. त्यामुळं लांबलेल्या मालिकेच्या मागच्या सीझनचे गुण फुगतात, आणि ज्या मालिकेनं पहिल्याच सीझनला खूप लोक ओढले तिला ते सहाशे जण कायमचे खाली खेचत राहतात. दोन आकडे शेजारी ठेवले तरी ते एकाच प्रेक्षकाचे नसतात.

त्यापेक्षा आपल्याकडचा कुस्तीच्या मैदानाचा रिवाज शहाणपणाचा. जत्रेच्या मैदानात पन्नास पैलवानांची एक ते पन्नास अशी यादी कुणी लावत नाही. वस्ताद मंडळी वजन बघतात, तयारी बघतात आणि जोड लावतात. जोड तोलामोलाची लागली नाही तर निकालाआधीच मैदान ओरडतं. मालिकांचंही तसंच करावं. आधी वजनगट. ज्यात प्रत्येक भाग स्वतंत्र गोष्ट, नवी माणसं, त्या एका गटात: ‘द ट्वायलाइट झोन’, ‘ब्लॅक मिरर’. माणसं तीच पण गोष्ट दर आठवड्याला संपते, त्या दुसऱ्या: मूळ ‘स्टार ट्रेक’, ‘द एक्स-फाइल्स’चे बरेचसे भाग. सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच कथा ओढणाऱ्या तिसऱ्या: ‘बॅबिलॉन ५’, ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’, ‘द एक्सपान्स’, ‘डार्क’. मग गटातल्या गटात दोन-दोन मालिका समोरासमोर ठेवायच्या आणि एवढंच विचारायचं, या दोघींत कोण? दहा नावांच्या ४५ जोड्या होतात, वीसच्या १९०. म्हणून यादी दहाच्या वर नेऊ नये. दोन्ही मालिका ज्यांनी बघितल्यात त्यांनीच त्या जोडीवर बोलायचं. हा नियम सगळ्यांत महत्त्वाचा, कारण नेहमीच्या पद्धतीत, पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ असं करत गेलं, की न बघितलेली मालिका आपोआप शेवटी जाते. तिला कुणी हरवलेलं नसतं, ती मैदानात उतरलेलीच नसते.

जोड्यांनीही कधी कधी गाडी अडते. तिघं जण आहेत. पहिल्याचा क्रम गॅलॅक्टिका, एक्सपान्स, डार्क. दुसऱ्याचा एक्सपान्स, डार्क, गॅलॅक्टिका. तिसऱ्याचा डार्क, गॅलॅक्टिका, एक्सपान्स. आता जोड्या लावा. गॅलॅक्टिका एक्सपान्सला दोन विरुद्ध एक हरवते. एक्सपान्स डार्कला दोन विरुद्ध एक. आणि डार्क गॅलॅक्टिकाला दोन विरुद्ध एक. गोल फिरून जिथल्या तिथं. तिघांपैकी कुणाचंही डोकं फिरलेलं नाही, तरी पहिला नंबर कुणाचाच नाही. फ्रान्समध्ये कॉन्दोर्से या गणितज्ञानं १७८५ साली ही गाठ मांडून ठेवली आहे. अशी गाठ पडली की तिथं खुशाल तिघींना एकाच ओळीत लिहावं. चहाच्या टेबलावरच्या कित्येक भांडणांचं मूळ एवढंच असतं, की जिथं क्रमच नाही तिथं क्रम लावायचा हट्ट.

आता ते फिजिक्स.

‘द एक्सपान्स’ची बाजू घेणारी पोरं चुकीचं बोलत नव्हती. त्या मालिकेत जहाजं विमानासारखी आडवी नाहीत, इमारतीसारखी उभी आहेत: इंजिन तळाला, त्यावर मजल्यावर मजले. इंजिन ढकलतं म्हणून पाय जमिनीला टेकतात, इंजिन बंद झालं की सगळं तरंगायला लागतं. अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवत जायचं, मग जहाज उलटं फिरवायचं आणि उरलेली अर्धी वाट इंजिनाचं तोंड पुढं करून वेग मारत यायचं. अवकाशात ब्रेक नसतो, ही एवढीच गोष्ट त्यांनी सहा सीझन पाळली, आणि कथेतल्या कित्येक पेचांचा जन्म त्यातून होतो. मदत निघाली तरी पोचायला किती दिवस लागतील हे आधीच कळतं आणि ते कुणालाच बदलता येत नाही. याला मी फिजिक्सचा खरा उपयोग म्हणेन. पण ज्या दृश्याची सगळ्यांत जास्त वाहवा होते त्याचा हिशेब मात्र जरा कागदावर करून बघावा. सेरेस या लघुग्रहाला स्वतःभोवती जोरात फिरवून आत वजन निर्माण केलंय, आणि म्हणून ग्लासात दारू ओतली की धार वाकडी पडते. दिसायला फार सुंदर. पण सेरेसची त्रिज्या ४७० किलोमीटरच्या घरात. पृथ्वीच्या तीन दशांश इतकं वजन मिळवायला तो साधारण ४० मिनिटांत एक फेरी मारायला हवा, आणि एवढ्या संथ फेरीत वीतभर उंचीवरून पडणारी धार जेमतेम केसाच्या जाडीइतकी सरकेल. डोळ्याला दिसणार नाही. धार तशी वाकवायची तर छोटं, गरागरा फिरणारं स्थानक पाहिजे. शिवाय सेरेसचं स्वतःचं गुरुत्व पृथ्वीच्या तीन शतांशाच्या आसपास. त्याच्या दहापट जोरानं बाहेर फेकणारी गिरकी दिली तर दगड एकत्र राहणार कसा, हा प्रश्न वेगळाच. म्हणजे मालिका खोटी ठरली का? अजिबात नाही. पण “फिजिक्स बरोबर म्हणून तिसरा नंबर” हे वाक्य तिथं टिकत नाही. तिची थोरवी त्या वाकड्या धारेत नाही, अर्ध्या वाटेवर उलट्या फिरणाऱ्या जहाजात आहे.

मग ‘डार्क’शी जोड लावली तर? माझं मत ‘डार्क’कडे जातं, आणि कारण साधं आहे. १०, ८ आणि ८ असे तिचे २६ भाग. तीन सीझनची गोष्ट तीन सीझनमध्ये बांधून संपवली. ३३ वर्षांचा फेरा, चार घरं, एकाच माणसाचे तीन-तीन वयांतले चेहरे, आणि पहिल्या सीझनमध्ये सहज दिसलेली वस्तू तिसऱ्यात जागेवर सापडते. ‘एक्सपान्स’ची मूळ कादंबरीमाला नऊ पुस्तकांची, मालिका सहाव्याशी थांबली. त्यात लिहिणाऱ्यांचा दोष नाही. २०१८ मध्ये पहिल्या चॅनेलनं तिसऱ्या सीझननंतर हात काढून घेतला, अ‍ॅमेझॉननं उचलली म्हणून निदान तेवढी तरी झाली. पण शेवट मोजायचा म्हटला तर तो मोजलाच पाहिजे. सर्वोत्तम तास मोजायचा म्हटला तर मात्र याच जोडीचा निकाल मी उलटा देईन.

सर्वोत्तम तासाचं माप घेऊन बोलायचं तर ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या २००४ च्या नव्या मालिकेचा पहिला भाग घ्यावा. नावच ‘३३’. माणसांची उरलेली जहाजं पळतायत, शत्रू दर ३३ मिनिटांनी येऊन गाठतो, पुन्हा जहाजांनी क्षणात दूर उडी मारायची, पुन्हा घड्याळ सुरू. पाच दिवसांहून जास्त काळ कुणी झोपलेलं नाही. भागात युद्ध फारसं नाही. दाढीचे खुंट आहेत, लाल डोळे आहेत, कुणीतरी कुणावर विनाकारण खेकसतं, कुणाचं वाक्य मध्येच तुटतं. ३३ च का, ते सांगितलेलं नाही, आणि तेच बरोबर आहे. थकलेल्या माणसाला कारण नको असतं, झोप हवी असते. राष्ट्राध्यक्ष बाईंच्या जहाजावर एक पांढरा फळा आहे, त्यावर माणूसजातीतली उरलेली माणसं किती, तो आकडा. भागभर तो कमी होत जातो. आणि शेवटी एका जहाजावर मूल जन्मल्याची बातमी येते, बाई उठतात, आणि पहिल्यांदाच आकडा एकानं वाढवतात. एवढंच दृश्य. त्या भागाला २००५ चा ह्युगो पुरस्कार मिळाला. मला विचाराल तर त्या फळ्यावरचा एक आकडा बाकीच्या मालिकेतल्या सगळ्या अवकाशयुद्धांना भारी आहे.

पन्नाशीच्या पुढच्या माणसांना यादी करायला सांगितली की ती वेगळीच निघते, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायची. त्यानंतर ‘इंद्रधनुष’, ‘स्पेस सिटी सिग्मा’, आणि १९९८ मध्ये ‘कॅप्टन व्योम’. तासगाव-पलूसकडच्या घरांत एक जण कौलावर चढून अँटेना फिरवायचा, खालून दुसरा ओरडायचा, “आलं, आलं... गेलं!” पडद्यावर मुंग्या, त्यात ‘स्टार ट्रेक’चं जहाज एंटरप्राइज. संच बहुतेक ठिकाणी काळा-पांढरा. आणि इथं एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी: त्या जहाजावर गणवेशाच्या रंगावरून माणसाचं काम कळतं, पिवळा कप्तानी बाजूचा, निळा वैद्यक-विज्ञानाचा, लाल यंत्र आणि सुरक्षेचा. लाल सदरा घालून ग्रहावर उतरलेला अनोळखी माणूस मरणार, हे जगभरच्या प्रेक्षकांना ठाऊक असतं. काळ्या-पांढऱ्या संचावर ते कळायला मार्गच नाही. तिथं प्रत्येक मृत्यू अनपेक्षित. तीच मालिका, तेच भाग, आणि तरी इथल्या एका पिढीनं ती थोडी जास्त भीतीदायक बघितली. वीज गेली तर पुढचं अर्धं मनानंच रचलं. ‘स्पेस सिटी सिग्मा’ जगाच्या यादीत येणार नाही, हे तिचे चाहतेही मान्य करतील. पण स्टुडिओत चंदेरी कपडे घालून हिंदीत बोलणारी माणसं अंतराळात गेलेली बघणं म्हणजे काय होतं, ते इंग्रजी यादीच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. तिच्यासाठी वेगळी ओळ ठेवावी. नंबर नको, ओळ ठेवावी.

जुन्या मालिकांवरचा नेहमीचा आक्षेप: पुठ्ठ्याचे ग्रह, रबराचे राक्षस. निदान सांगलीकरानं तरी हा आक्षेप घेऊ नये असं मला फार वाटतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, तेव्हापासून या गावाचा डोळा घडत आलाय. रंगवलेल्या पडद्याला अरण्य म्हणायचं, चार पावलं चालली की लंका आली म्हणायचं, हे इथल्या प्रेक्षकाला शिकवावं लागत नाही. ‘डॉक्टर हू’चे सुरुवातीचे भाग स्टुडिओत, अनेक कॅमेरे लावून, जवळजवळ सलग खेळासारखे रेकॉर्ड होत. मध्ये थांबून पुन्हा घेणं परवडत नसे, म्हणून म्हातारा डॉक्टर वाक्यात अडखळला तर ते अडखळणं तसंच राहायचं. ‘स्टार ट्रेक’मध्ये दुसऱ्या ग्रहावर उतरण्याचं यंत्र आलं तेही काटकसरीतून, दर आठवड्याला जहाज उतरताना दाखवणं खिशाला जड, म्हणून माणसं झगमगत विरघळतात आणि खाली उमटतात. त्या जहाजावरच्या डॉक्टर मॅकॉयच्या हातातली शस्त्रक्रियेची उपकरणं म्हणजे विकत आणलेल्या मीठदाण्या होत्या. एका भागासाठी आणल्या, त्या प्रेक्षकाला मीठदाणी म्हणून ओळखू येणार नाहीत एवढ्या विचित्र आकाराच्या निघाल्या, मग दवाखान्यात कामाला आल्या. पैसा नव्हता, तिथं कल्पना आली. उलट ‘द ट्वायलाइट झोन’नं दुसऱ्या सीझनमध्ये पैसे वाचवायला सहा भाग फिल्मऐवजी व्हिडिओटेपवर घेतले आणि ते लगेच ओळखू येतात, चित्र सपाट, बाहेरची दृश्यं जवळजवळ नाहीतच. काटकसर नेहमीच फळते असं नाही, कुठं हात आखडला त्यावर ते ठरतं.

म्हणून मालिकेची परीक्षा तिच्या सगळ्यांत स्वस्त भागावर घ्यावी. प्रत्येक मालिकेत असा एखादा भाग असतो: सगळे पैसे आधी उडालेले, एकच सेट, बाहेर जायचं नाही. तिथं लिहिणारा उघडा पडतो. ‘डॉक्टर हू’चा १४ जून २००८ चा ‘मिडनाइट’ हा भाग राज्य नाट्यस्पर्धेला बसणाऱ्या प्रत्येकानं बघावा. एका ग्रहावर सहलीला निघालेलं वाहन मध्येच बंद पडतं. बाहेरचं ऊन जीवघेणं, बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. बाहेरून टकटक ऐकू येते. मग आतली एक बाई बदलते. ती काहीच करत नाही, फक्त समोरच्याचं वाक्य त्याच्यामागून म्हणते. थोड्या वेळानं ती ते त्याच्याबरोबर म्हणू लागते, शब्दाला शब्द जुळवून. आणि मग एका क्षणी ध्यानात येतं की ती आधी बोलतेय आणि डॉक्टर मागून म्हणतोय. राक्षस एकदाही दिसत नाही. खुर्च्यांच्या काही रांगा, आठ-नऊ माणसं, आणि सभ्य सहप्रवासी हळूहळू “ह्याला बाहेर फेका” म्हणू लागतात. शेवटी वाहनातली सेविका त्या बाईला धरून स्वतःसकट बाहेर उडी घेते, तेव्हा उरलेले वाचतात. सगळं शांत झाल्यावर डॉक्टर विचारतो, तिचं नाव काय होतं? कुणालाच माहीत नसतं. एकांकिका स्पर्धेत दोन खुर्च्या आणि एका स्पॉटवर हे उभं राहील. अब्जावधी खर्चून केलेल्या किती मालिकांबद्दल असं म्हणता येईल?

शेवटाबद्दल बोलताना ‘बॅबिलॉन ५’ टाळून चालत नाही. आपल्याकडे ती फार कमी जणांनी बघितली आहे, म्हणून यादीत येत नाही. १९९४ ते १९९८. आज सगळेच पाच वर्षांची कथा आधी आखतो म्हणतात. ते टीव्हीवर उघडपणे करून दाखवण्याचं धाडस जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की या माणसानं केलं. ११० भागांतले ९२ त्यानं एकट्यानं लिहिले. प्रत्येक मुख्य पात्रासाठी त्यानं एक चोरदार ठेवलं होतं, नट सोडून गेला तर कथा कशी वळवायची त्याचं. पहिल्या सीझननंतर नायकच बदलावा लागला आणि त्या दारानं मालिकेला वाचवलं. पण चौथ्या वर्षी पाचवा सीझन मिळणार नाही अशी चिन्हं दिसली, तेव्हा त्यानं युद्धाच्या कथा चौथ्यातच कोंबल्या आणि शेवटचा भागही चित्रित करून ठेवला. मग दुसऱ्या चॅनेलनं पाचवा सीझन दिला! तयार शेवट बाजूला ठेवला, चौथ्याला नवा शेवट जोडला, आणि पाचव्याला सांगायला पुरेशी गोष्टच उरली नाही. म्हणून चौथा धापा टाकत पळतो आणि पाचवा रेंगाळतो, पण अगदी शेवटचा भाग मात्र अस्सल आहे, कारण तो घाबरलेल्या काळात, सगळं संपतंय असं समजून केलेला आहे. हे माहीत नसलेला माणूस “पाचवा सीझन बकवास” म्हणून चार नंबर खाली टाकेल. माहीत असलेल्यानंही पाचव्याला गुण फुकट देऊ नयेत. फक्त दोष कुठं बसतो ते कळावं.

९२ हा आकडा गंमतीनं दोनदा येतो. ‘द ट्वायलाइट झोन’च्या १५६ भागांपैकी रॉड सर्लिंगनंही ९२ लिहिले. एकानं ९२ भाग एकच गोष्ट सांगितली, दुसऱ्यानं ९२ वेगळ्या गोष्टी. या दोघांची जोड लावूच नये. दोन गटांचे दोन पहिले नंबर द्यावेत, माझ्या कागदावर तरी ते तसेच आहेत. पुष्कळांना ‘बॅबिलॉन ५’ पहिली म्हटलेलं मान्य होणार नाही. तिची अवकाशयानं आज खेळण्यातली वाटतात, काही नटांची वाक्यफेक जड आहे. सगळं खरं. तरी एका माणसानं पाच वर्षं, नट बदलले, चॅनेल बदललं, पैसा आटला, आणि पहिल्या वर्षी पेरलेलं चौथ्या वर्षी उगवून दाखवलं, हे दूरचित्रवाणीत त्याआधी अमेरिकेत कुणी या प्रमाणात केलं नव्हतं.

चालू असलेल्या मालिका यादीत घेऊ नयेत. ‘सेव्हरन्स’चा पहिला सीझन २०२२ चा, दुसरा २०२५ चा, आणि ऑफिसात शिरताच घरचं सगळं विसरणारी ती माणसं शेवटी कुठं पोचतात हे ठाऊक नसताना तिला चौथा की पाचवा हे ठरवणं म्हणजे इंटर्व्हलला परीक्षकांनी निकाल लावण्यासारखं. तिची जागा पेन्सिलनंही लिहू नये, कोरी सोडावी. ‘डॉक्टर हू’ अखंड मोजू नये. नटागणिक डॉक्टर वेगळा धरावा आणि एकेकाची जोड लावावी.

राहता राहिलं प्रत्यक्ष बघणं, कारण कुठली प्रत बघितली यावरही मत बदलतं. ‘बॅबिलॉन ५’ रुंद पडद्याच्या जुन्या डीव्हीडीवर बघू नये. तिची संगणकावरची दृश्यं जुन्या चौकोनी पडद्याच्या मापात बनवली होती, ती वरून-खालून कापून ताणली तेव्हा चित्र धुरकट झालं. नंतरची सुधारलेली आवृत्ती चौकोनीच आहे, ती बघावी, दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्यांची सवय होते. ‘नेक्स्ट जनरेशन’ची मूळ फिल्म पुन्हा स्कॅन करून चित्र लख्ख केलंय, त्याच घराण्यातल्या ‘डीप स्पेस नाइन’चं तसं झालेलं नाही, म्हणून मोठ्या टीव्हीवर ती बहिणीपेक्षा मळकी दिसते आणि उगीच खालचा नंबर खाते. तिचा १९९८ चा ‘फार बियाँड द स्टार्स’ हा भाग लहान पडद्यावर, अगदी मोबाइलवर बघितला तरी चालेल. १९५० च्या दशकातला एक काळा लेखक अंतराळस्थानकाच्या काळ्या कप्तानाची गोष्ट लिहितो आणि ती छापली जात नाही, एवढ्याला पिक्सेल लागत नाहीत. आणि ‘फायरफ्लाय’ बनवलेल्या क्रमानं बघावी. २००२ मध्ये चॅनेलनं १४ पैकी ११ च भाग दाखवले, तेही उलटसुलट. ज्या दोन तासांत सगळ्या पात्रांची ओळख होते तो पहिला भाग डिसेंबरात, सगळ्यात शेवटी लावला. तो आधी लावा, त्याचं नाव ‘सेरेनिटी’. त्याच नावाचा २००५ चा सिनेमा १४ भाग झाल्यावरच काढायचा.